चांद्याचा जोडीदार

लाख्या बैल चैत्रात मेला आणि त्याचा जोडीदार चांद्या याने खाणं सोडलं. नागपूरच्या पश्चिमेला, अंबाझरी तलावाच्या पलीकडच्या त्या गावात जोडी फुटणं काही नवं नव्हतं. एक गेला की दुसरा चार दिवस हंबरतो, नवा बैल आणला की त्याला आधी शिंगं दाखवतो आणि मग त्याच्याच गव्हाणीत तोंड घालतो. चांद्या मात्र हट्टाला पेटला. नत्थूजींनी आणलेल्या एका बैलाला त्याने ढुशी दिली, दुसऱ्याकडे पाठ करून उभा राहिला. ढेप, सरकी, गूळ, हिरवा चारा, कशालाही धड तोंड लावीना. बरगड्या दिसायला लागल्या. नत्थूजींनी त्याला वासरू असल्यापासून हाताने भरवून वाढवलं होतं. या बैलाच्या आधी आपण जावं एवढंच त्यांचं देवाकडे मागणं होतं, आणि बैल तर पुढे निघाला होता.

त्याच सुमारास त्यांच्या मुलाने, विश्वनाथने, घरात इंजिन आणलं.

विश्वनाथ कामठीला एका मोटारखान्यात फिटर होता. छावणीत लष्कराच्या जुन्या सामानाचा लिलाव होता, म्हणून संत्र्याच्या बागेसाठी पाण्याचं इंजिन निवडायला तोच गेला. त्याच्याहून लायक माणूस घरात नव्हता, ही चूक घराचीच. बैलगाडीतून उतरलं ते इंजिन गोल होतं. मधे पोट, भोवती नऊ सिलिंडर आणि पुढे लाकडी पंखा. विहिरीवर बसवून पंखा फिरवला तेव्हा कळलं की यात मधला दांडा जागच्या जागी राहतो आणि सगळं इंजिनच त्याच्याभोवती गरगर फिरतं. पाणी काही निघालं नाही. बघायला आलेल्या गोपाळराव पाटलांचा फेटा तेवढा निघाला आणि विहिरीत गेला.

"हे असं काहून फिरून राहिलं गा?" पाटलांनी डोकं चाचपत विचारलं.

"विमानाचं हाये जी, लढाईतलं. थंड राहाव म्हणून स्वताच फिरते."

"मंग विमान कुठी हाये?"

विश्वनाथ दुसऱ्या दिवसापासून विमान बांधायला लागला. प्रश्नाचं उत्तर द्यायची त्याची ही पद्धत लहानपणापासूनची. बांबू, सागाच्या पट्ट्या, तारा, आणि पंखांना आईची लुगडी. त्यांवर साबुदाण्याची खळ चढवून उन्हात वाळवली की कापड ढोलासारखं ताणून बसे. गावातल्या शेळ्या ते पंख चाटायला येत, म्हणून रुख्मिणीबाई काठी घेऊन दारात बसत. "माह्या लग्नातलं लुगडं उडणार हाये," त्या येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना सांगत. त्यांना याचा अभिमान वाटत होता की संताप येत होता, ते त्यांचं त्यांनाही ठरवता आलं नव्हतं.

पाऊस जवळ आला तेव्हा विश्वनाथने इंजिन गोठ्यात आणलं आणि लाख्याच्या रिकाम्या जागी, लाकडी घोडीवर पक्कं ठोकलं. नत्थूजींनी त्या रात्री भाकर ताटात तशीच सरकवली आणि बायकोला म्हणाले, "त्याले सांग, लाख्याची जागा हाये ते." रुख्मिणीबाई म्हणाल्या, "लाख्यालेही सांगा, म्हणाव भाडं भर." तो विषय तिथेच संपला.

गोठ्यात इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा मागची भिंत गेली. कडबा उडून शेजारच्या अंगणात पडला, कोंबड्या पुढचे आठ दिवस अंड्यावर बसल्या नाहीत. ह्या जातीच्या इंजिनाला एरंडीचंच तेल लागतं, आणि ते पोटात ठेवायची त्याला सवय नाही. प्यायचं आणि चहूकडे उडवायचं. सगळा गोठा एरंडेलाने न्हाला. नत्थूजी फावडं उचलून आले. पोराचं डोकं फोडायचं की इंजिनाचं, एवढंच ठरायचं होतं. धुरातून वाट काढत ते आत शिरले आणि फावडं हातातच राहिलं.

चांद्या खात होता.

उडायचा राहिलेला कडबा त्याने ओढून घेतला होता, कान मागे उडत होते, डोळे मिटलेले होते आणि तोंड चाललं होतं. इंजिन थांबलं तसं तोंडही थांबलं. नत्थूजींनी फावडं भिंतीला टेकवलं. टेकवायला भिंत नव्हती, ते पडलं.

"आणखी एकडाव लाव गा," ते म्हणाले.

त्यानंतर त्या घराचा दिनक्रम बदलला. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा विश्वनाथ इंजिन लावी आणि चांद्या जेवे. पण इंजिन नखरेल होतं. त्याला दोन दांड्या होत्या, एक पेट्रोलची, एक हवेची. दोन्हींचा मेळ केसभर चुकला तरी ते खोकायला लागे, आणि खोकलं की चांद्या घास तोंडात धरून थांबे. हळूहळू नत्थूजींना बैलाच्या तोंडावरून इंजिन कळायला लागलं. डाव्या दाढेने चावत असला तर नऊही सिलिंडर चालू. उजव्या दाढेवर गेला की एक बंद. नुसतीच जीभ फिरवत राहिला की पेट्रोल जास्त. विश्वनाथ दांड्यांवर हात ठेवून ओरडे, "बाबा, आता?" आणि नत्थूजी बैलाच्या जबड्याला कान लावून ओरडत, "उजवी! उजवी दाढ!" मग इंजिन बंद करायचं, आणि रुख्मिणीबाई तव्यावर शिंपडतात तसं प्रत्येक सिलिंडरवर पाणी शिंपडत. जो चर्र करत नाही, तो आळशी. त्याचा प्लग काढून पुसायचा. पुन्हा लावायचं. डावी दाढ.

ट्यूनिंग, असं त्याचं नाव विश्वनाथने सांगितलं. नत्थूजी त्याला चारापाणीच म्हणत.

चांद्या भरला. अंगावर तकाकी आली, त्यात थोडी एरंडेलाचीही होती. विश्वनाथच्या पोटाचे मात्र हाल चालले होते. तो तेलाचा धूर नाकातोंडात जाऊन त्याला सारखं शेताकडे पळावं लागे. तरी गडी हटला नाही. पावसाळा अर्धा सरला, इंजिन विमानाला जोडलं, आणि विमान शेपूट बाहेर नि तोंड चांद्याच्या गव्हाणीशेजारी, असं त्या बिनभिंतीच्या गोठ्यात उभं राहिलं. पोळ्याला आठवडा होता तेव्हा विश्वनाथ जेवताना म्हणाला, "धंतोलीचे देवराव वकील येऊन राहिले पोळ्याच्या दिवशी. त्याहिचा विमानाचा क्लब हाये. एक चक्कर मारून दाखवली त इंजिन घेतीन आन् मलेही नोकरीवर ठेवतीन."

नत्थूजींनी घास परत ताटात ठेवला. मुलाची नोकरी त्यांना ऐकूच आली नाही. इंजिन घेतील, एवढंच ऐकू आलं. इंजिन गेलं की चांद्या गेला. हिशेब सरळ होता.

आता कोणी म्हणेल, इंजिनात खडा टाकायचा, काम झालं. नत्थूजींनी तोही विचार केला, खडा हातात घेऊन गोठ्यात गेलेही. पण इंजिन बिघडलं तर चांद्या त्याच संध्याकाळी उपाशी. चांगलं चाललं तर उडून जाणार. बैल जगावा म्हणून ते ज्या इंजिनाची महिनोन्‌महिने सेवा करत होते, तेच त्यांनी उडण्याइतकं धडधाकट केलं होतं. एवढा अडकलेला माणूस त्या साली सबंध मध्यप्रांतात दुसरा नसेल.

मग त्यांना युक्ती सुचली. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची खांदमळणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला तूप-हळद चोळायची आणि त्याच्या कानात आमंत्रण सांगायचं. एकदा हे आवतण दिलं की दुसऱ्या दिवशी तो पाहुणा. त्याच्या मानेवर जू ठेवायचं नाही, त्याच्याकडून काडीचंही काम घ्यायचं नाही. घेईल त्याच्या घराचं वाटोळं होतं, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक.

खांदमळणीच्या संध्याकाळी विश्वनाथ पेट्रोलचा डबा आणायला गेलेला असताना नत्थूजींनी चांद्याचे खांदे मळले, आणि मग वाटी घेऊन इंजिनाकडे वळले. लबाडी करायची म्हणून आले होते, पण हात लागल्यावर त्यांना ती लबाडी वाटेना. एवढे दिवस जोडीला उभं राहिलं, ते काय उगाच? त्यांनी नऊही सिलिंडरांना मायेने तूप लावलं. बैलाला वेसण जिथे काचते तिथे नाकाशीही तुपाचं बोट फिरवायची त्यांची रीत होती. या इंजिनाची वेसण त्यांना माहीत होती. ह्याला हळू चालणं येत नाही. चालू म्हणजे सुसाट. म्हणून विमान चालवायच्या दांडक्यावरचं बटण दाबलं की वीज तुटते आणि ते थबकतं, सोडलं की पुन्हा उधळतं. दाबत-सोडत, दाबत-सोडतच ते जमिनीवर आणायचं. बटण दाबलं की त्याची तार जिथे पोचते तिथे तांब्याची एक जीभ पत्र्यावर टेके, तेव्हाच ती वीज तुटे. सारखी टेकून ती जागा घासली गेली होती. नत्थूजींना कळवळा आला. त्यांनी जिभेखाली बोटभर तूप-हळद सारली आणि पंख्याजवळ तोंड नेऊन हळूच म्हणाले, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या."

दुसऱ्या दिवशी आखरावर, म्हणजे गावाबाहेरच्या मैदानात, सारा गाव जमला. देवराव वकील मोटारीतून उतरले. पांढरा सूट, टाय, गळ्यात दुर्बीण. नत्थूजी हात जोडून पुढे झाले.

"साहेब, आज उडवता येत नाई जी. त्याले आवतण देल्लं."

"कोणाला?"

"इंजिनाले."

देवरावांनी पाटलांकडे पाहिलं. गोपाळरावांनी गंभीरपणे मान हलवली. "आवतण देल्लं म्हणजे झालं जी. आज त्याच्याकडून काम घेता येत नाई." विश्वनाथचं तोंड एवढंसं झालं. तो बापाकडे बघत राहिला, आणि नत्थूजी चांद्याच्या शिंगाचं बेगड नीट करत राहिले.

पण देवराव वकील होते. त्यांनी दुर्बीण पुसली आणि विचारलं, "आवतण दिलेला बैल पोळ्यात उभा राहतो का?"

"राहतेच. मान हाये त्याचा."

"आणि तोरण तुटून पोळा फुटला की काय करतो?"

"पयते घराकडं."

"हौसेने पळतो की ते काम धरता?"

"हौसच हाये जी ते," पाटील म्हणाले, आणि म्हटल्यावर त्यांच्या ध्यानात आलं.

"मग याला पळू द्या," देवराव म्हणाले.

नत्थूजींनी पाटलांपासून गुरवापर्यंत सगळ्यांकडे पाहिलं. सगळ्यांना विमान बघायचं होतं.

विमान रांगेत लागलं. पंखांना झुली बांधल्या, नाकाला बाशिंग. जोडीला चांद्या, त्याचा कासरा नत्थूजींच्या मनगटाला. पुढे दोन खांबांना आंब्याच्या पानांचं तोरण. गुरवाची पूजा चालू होती तेवढ्यात विश्वनाथने खूण केली, दोघांनी पंखा ओढला आणि इंजिन पेटलं. तोरण तुटायची कोणी वाट पाहिली नाही. चांद्या सोडून गावातले सगळे बैल एकदम, झुली-बाशिंगांसकट, मिळेल त्या दिशेने सुटले. पाटलांचे बैल पाटलांना घेऊन तलावाकडे गेले. रिकाम्या आखरावरून विमान धावलं, दोन्ही खांब, तोरण आणि पूजेचं ताट घेऊन वर उठलं.

उठलं! नत्थूजींना क्षणभर सगळ्याचा विसर पडला. त्यांची बायको बोट वर करून किंचाळत होती, "माह्यं लुगडं! माह्यं लुगडं पाहा वं!" आणि त्यांनाही ओरडावंसं वाटलं, माहा पोरगा, माहा पोरगा पाहा.

हे विमान उजवीकडे सहज वळे, डावीकडे वळायला कुरकुर करी. इंजिनाच्या फिरण्याचाच तो गुण. त्यामुळे ते गावावरून उजवीकडेच गोल गोल घिरट्या घालू लागलं. एरंडेलाचा सडा पडत होता. देवरावांचा पांढरा सूट पिवळा झाला, दारोदार वाढून ठेवलेल्या पुरणपोळ्यांवर तुपाच्या जागी भलतंच पडलं. लोक टाळ्या वाजवत होते. "एक चक्कर झाली!" देवराव म्हणाले. "उतरू दे आता."

विमान उतरेना. दोन झाल्या, तीन झाल्या.

नत्थूजींनी चांद्याकडे पाहिलं. डाव्या दाढेने रवंथ, संथ, अखंड. कधी नव्हे इतकं सुरेख इंजिन चाललं होतं. मधे एकदाही थबकत नव्हतं. आणि उतरायचं तर ते थबकायला हवं होतं. पोरगा वर बटण दाबत असेल, आणि तांब्याची जीभ तुपावर टेकत असेल.

"मी तूप लावलं जी," ते देवरावांच्या कोटाला धरून म्हणाले.

"कशाला?"

"वेसणीले. माह्या हातानं. मी मारलं त्याले, साहेब. बैलासाठी पोरगा मारला."

आजवर हे वाक्य त्यांच्या मनातही कधी आलं नव्हतं. बैल शेजारी मजेत चावत होता. त्याचं ते चावणं नत्थूजींना आयुष्यात पहिल्यांदा बघवेना. त्यांनी दोन्ही हातांनी त्याचा जबडा धरला. "थांब! थांब ना रे, बापा!" जणू इकडे बैलाने तोंड बंद केलं की तिकडे इंजिन थांबणार होतं.

आणि थांबलं. एकदम सगळीकडे शांत झालं, इतकं की तारांतून वाहणारा वारा ऐकू आला. विश्वनाथने पेट्रोलच तोडलं होतं. आता ते पुन्हा लागायचं नव्हतं. एकदाच उतरायचं, जिथे पडेल तिथे. विमान बाभळींच्या शेंड्यावरून खाली आलं, ओल्या तुरीच्या शेतात टेकलं, चिखल उडवत गेलं आणि नाकावर उभं राहिलं.

चांद्याने कासऱ्याला हिसडा दिला आणि धावत सुटला. नत्थूजी मागे. धोतर सुटलं, पायातल्या वहाणा चिखलात राहिल्या. पोचले तेव्हा विश्वनाथ तुरीत बसला होता, नखशिखांत तेलाने माखलेला, पांढरे डोळे तेवढे दिसत होते. जिवंत होता. इंजिन बाजूला वाफ सोडत पडलं होतं, मधला दांडा वाकलेला. चांद्या त्या इंजिनाला ओलांडून गेला. त्याने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तो विश्वनाथपाशी थांबला आणि त्याचं तोंड चाटायला लागला, कपाळ, कान, मान, जसं लाख्याला चाटायचा तसं.

नत्थूजी बघत राहिले. इतके महिने इंजिन जेव्हा जेव्हा चालू होतं, तेव्हा तेव्हा त्याच्याशेजारी कोण उभं होतं, हे त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. ते तर बैलाच्या तोंडाकडे बघत होते.

देवराव चिखल तुडवत आले. त्यांनी इंजिनाला बुटाने हलवून पाहिलं. "हे भंगार. हे तुम्हालाच राहू द्या. पण बटण चालत नसताना ज्याने हे उतरवलं, तो माणूस मी सोडणार नाही." विश्वनाथ त्यांच्याच मोटारीने गेला. जाताना तो बापाच्या पाया पडला. नत्थूजींना त्याला धरून ठेवायचं होतं, पण ज्याला आपण आज मारत होतो त्याला थांब म्हणायचं तोंड कुठून आणणार? "जा," ते म्हणाले.

म्हणजे नत्थूजींनी मागितलं ते त्यांना मिळालं. इंजिन गोठ्यातच राहिलं. चांद्याने त्याला एकदा हुंगलं आणि वैरणीवरून तोंड फिरवलं.

नत्थूजींनी चार दिवस कळ काढली, मग पहाटे कासरा सोडला आणि बैलाला चालवत नागपूरच्या विमानांच्या मैदानावर नेलं. मोठ्या पत्र्याच्या शेडमधे दोन चकचकीत विमानं उभी होती. त्यांची इंजिनं जागच्या जागी राहत, शहाण्यासारखी. देवराव समोर आले आणि बैल बघून त्यांनी कपाळाला हात लावला.

"नत्थूजी, ही विमानांची जागा आहे. इथे बैल कसा ठेवणार?"

"माह्या बैलाच्या जागी विमान ठेवलं होतं का नाई जी पोट्ट्यानं? तीन महिने ठेवलं. मी कायी बोललो?"

तोवर विश्वनाथ हात पुसत बाहेर आला होता आणि चांद्या नत्थूजींच्या हातातून कासरा ओढून त्याच्याकडे गेला होता. कोपऱ्यात गवताची पेंढी होती. विश्वनाथने मूठभर पुढे धरलं आणि बैल खायला लागला. डावी दाढ. नत्थूजींना बरं वाटलं. मग वाईट वाटलं, कारण बैलाने एकदाही मागे वळून पाहिलं नव्हतं. त्यांनी पंच्याने तोंड पुसलं आणि जायला निघाले.

"बाबा," विश्वनाथ म्हणाला, "तुमी जेवले?"

"भूक नाई गा."

"कवापासून?"

नत्थूजींचे गाल आत गेलेले होते, हे विश्वनाथला आता दिसलं. देवरावांनी बापाकडे पाहिलं, मग बैलाकडे, मग वर पत्र्याकडे.

"म्हणजे यांनाही इथेच बांधायचं आहे का?" त्यांनी विचारलं.

विश्वनाथने डबा उघडला. भाकर मोडली, चटणी लावली आणि तेलकट हाताने तुकडा बापापुढे धरला. नत्थूजींनी हात पुढे केला नाही, तोंडच पुढे केलं.